बोरगव्हाणचा तान्हा पोळा

सन १९६४, जूनची बारा तारीख, शुक्रवार. वर्ध्याहून निघालेली एसटी बोरगव्हाणच्या पिंपळाखाली थांबली आणि टपावरून माझी ट्रंक उतरवता उतरवता कंडक्टर ओरडला, "बाई, हे घोडं तुमचंच का?"

"हो, द्या इकडे. जपून."

चाकं लावलेला, लाल रंगाचा लाकडी घोडा त्याने दोन्ही हातांनी खाली दिला. उजूच्या बाबांनी तो तिच्या पहिल्या वाढदिवसाला सावंतवाडीहून आणला होता. त्याचं नाव बंडू. घोड्याचं नाव बंडू का, हे बाबांना विचारायचं राहून गेलं. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. उजूने बंडूला पोटाशी धरलं आणि माझ्या पदराआड तोंड लपवलं.

आम्हाला न्यायला घरमालकीण स्वतः आली होती. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गिरजाबाई भोयर. तिने ट्रंक डोक्यावर घेतली, होल्डॉल काखेत मारला आणि मला म्हणाली, "चाला बाई. अन् हे पोट्टी काहून लपून राहिली वो? म्या काही खाणार आहे का तिले?"

उजूने पदर आणखी घट्ट धरला.

"पाच वर्षांची आहे. जरा बुजली आहे," मी म्हटलं.

"बुजू द्या. गाय बी नव्या गोठ्यात दोन दिस बुजतेच."

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, दोन आठवड्यांचे दोन महिने. उजू काही बोलेना.

दादरच्या घरी ही मुलगी सकाळी डोळे उघडायच्या आधी बोलायला लागायची. जिन्यावरच्या मांजरीशी, दूधवाल्याशी, नळाशीसुद्धा. बोरगव्हाणला आल्यापासून मात्र घरात माझ्याशी मोजकं 'हो', 'नको', 'पाणी', आणि बाहेर एक शब्द नाही. मी अकरा ते पाच कन्याशाळेत असायची. तेवढा वेळ तिला गिरजाबाईंनी आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. मी संध्याकाळी येई तेव्हा ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बंडूला मांडीवर घेऊन बसलेली असे. समोर गिरजाबाई शेण काढत, दळण निवडत किंवा आपल्या नवऱ्याला, बळीरामजींना, काही ना काही ऐकवत असायच्या. बळीरामजी स्वतः फारसे बोलत नसत. त्यांच्या वाटचंही गिरजाबाईच बोलत.

"आज काही बोलली का?" मी रोज विचारी.

"नाही जी. बोलत नाही, पण आयकते मोप," गिरजाबाई म्हणत. "कान असे लावून बसते पोट्टी, जसं पोथी चालू आहे."

मला त्याचं समाधान वाटत नसे. कारण माझ्या डोक्यावर एक तारीख टांगलेली होती.

माझे मोठे दीर, अप्पाभाऊजी, मुंबईला एका कंपनीत हेडक्लार्क होते. माणूस सरळ. हे गेल्यावर त्यांनीच आम्हाला सांभाळलं. मला नोकरी करायची होती आणि मुंबईत जमेना, म्हणून मी इतक्या लांबची शाळा धरली, ते त्यांना पसंत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले होते, "सुमित्रा, तू जा. मी अडवत नाही. पण त्या पोरीचे हाल नकोत. पोळ्याला तिकडे सुट्टी असते ना? तेव्हा मी येतो. रमली असेल तर राहू दे. नसेल तर मी तिला घेऊन येईन. आमच्याकडे वाढेल. आणि तेव्हा तू हट्ट करायचा नाहीस. कबूल?"

मी कबूल केलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. विमलजाऊबाई आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांच्या हातातली कढई वाजायची थांबली होती, ते मला ऐकू आलं.

दर आठवड्याला मी मुंबईला पत्र लिहीत असे. 'उजू मजेत आहे. गोठ्यात रमते.' दुसरं वाक्य तेवढं खरं होतं, पण ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात खांदमळणी होती. मी मुंबईची. पोळा म्हणजे बैल रंगवतात आणि मिरवतात, एवढंच मला माहीत. इथे आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात. वर्षभर जू वाहून आलेले घट्टे मऊ करतात. बळीरामजी पाखऱ्याच्या खांद्यावर हात फिरवत होते, गिरजाबाई माणक्याच्या. मग दोघांनी बैलांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

मला हसू आलं. "बैलांना आमंत्रण?"

"मंग? आवतणाबिगर कोण येते जेवाले? तुम्ही जाल का?" गिरजाबाई म्हणाल्या. "वर्षभर आपण त्याईले हाकलतो. एक दिस तं मान द्या लागते."

उजू खिडकीच्या गजांना धरून बघत होती. मी तिला बाहेर बोलावलं. ती आली नाही.

रात्रीच्या स्वयंपाकाला बसले तर तुपाची वाटी रिकामी. आठवडाभर साय साठवून मी ते कढवलं होतं, भाऊजी येणार म्हणून. हळदीचा डबा उघडा, जमिनीवर पिवळे ठसे. ठशांच्या मागून गेले तर उजू ट्रंकेशेजारी बसलेली आणि बंडू मानेपासून शेपटीपर्यंत पिवळा, तुपाने ओघळतोय.

"हे काय केलंस? उजू! अगं, पाहुण्यांसाठी होतं ते तूप!"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी एक धपाटा घातला. रडलीही नाही. बंडूला ट्रंकेमागे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला तेव्हा वाटलं, हे मूल आता हट्टी होत चाललंय, आणि त्याला मीच कारण आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने भाऊजी आले. हातात उजूसाठी श्रीखंडाच्या गोळ्यांचा पुडा.

"उजे! कुठे गं आमची बडबडगीता?"

उजू माझ्यामागे गेली. भाऊजी खाली बसले, गोळी पुढे केली, बोबडं बोलले, डोक्यावर रुमाल टाकून भूत झाले. काही नाही. तिने गोळीसुद्धा घेतली नाही.

जेवायला गिरजाबाईंकडून पुरणपोळ्या आल्या. पाच मिनिटांत उजूचं ताट रिकामं झालं आणि ती उठून आत गेली. भाऊजी खूश झाले. पण हात धुवायला उठले ते ट्रंकेपाशी थबकले. मला हाक मारून त्यांनी बोटाने दाखवलं. ट्रंकेमागे अख्खी पुरणपोळी पडली होती. तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

"मूल जेवतसुद्धा नाही, सुमित्रा. लपवून टाकतंय." त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. "पत्रात तू लिहीत होतीस, मजेत आहे म्हणून."

"मला वाटलं होतं, होईल सगळं नीट."

"परवा सकाळची गाडी आहे सात वाजता. तिचे कपडे भरून ठेव. विमलने तिच्यासाठी छोटा पलंग करून घेतलाय. कठड्याचा. मी म्हटलं होतं, घाई करू नकोस." ते वाकून पोळीवरच्या मुंग्या झटकायला लागले. "ऐकते कुठे."

मी मान डोलावली. शब्द दिला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी उजूचे फ्रॉक घडी करून पिशवीत भरत होते. चारच्या सुमाराला गावातून ढोल ऐकू यायला लागला. सातवीतल्या दोन मुली, शांता झाडे आणि वच्छला, धावत दारात आल्या.

"बाई, उजूले धाडा ना! तान्हा पोळा भरून राहिला!"

"पोळा काल झाला ना?"

"काल मोठ्या बैलाईचा. आज लेकराईचा. लाकडाचे बैल आणते सगळे, तोरणाखाली उभे करते. मंग बोजारा भेटते घरोघरी, खाऊ नाहीतर पैसे."

"तिच्याकडे बैल नाही गं. मला माहीतच नव्हतं."

"आता कुठं भेटते बाई? सुताराले महिनाभर आधी सांगा लागते," वच्छला हळहळली. "हाये कुठं पण ते?"

उजू घरात नव्हती. अंगणात नव्हती. गोठ्यात पाखऱ्या आणि माणक्या काल रंगवलेली शिंगं हलवत उभे होते. उंबऱ्यावर कोणी नव्हतं. "उजू!" मी ओरडले. भाऊजी झोपेतून उठून बाहेर आले. "सुमित्रा, काय झालं? आणि माझा रुमाल पाहिलास का?"

गिरजाबाई शेजारच्या दारातून भेंड्यांची टोपली घेऊन आल्या, कपाळाला आठ्या. "बाई, माह्या भेंड्या कोणं नेल्या वो? नेमक्या दोनच. लांब लांब पाहून."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग गिरजाबाईंनी टोपली तिथेच ठेवली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चाला. मले माहीत हाये पोट्टी कुठं हाये."

मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली तीसेक पोरं ओळीने उभी, प्रत्येकाच्या पुढ्यात चाकांचा लाकडी बैल. कुणाच्या बैलाला काचेचे डोळे, कुणाच्या गळ्यात घुंगरं, कुणाच्या पाठीवर आरशांची झूल. ओळीत बहुतेक मुलगेच. आणि अगदी शेवटी, दोन हातांचं अंतर सोडून, उजू.

तिच्यापुढे बंडू. मान पिवळीधमक. कानांच्या मागे लाल दोऱ्याने दोन भेंड्या बांधलेल्या, टोकं बाहेरच्या बाजूला वळवून. पाठीवर झूल म्हणून अप्पाभाऊजींचा रुमाल. त्याच्या कोपऱ्यात जाऊबाईंनी भरलेलं रेशमी फूल बरोबर वर आलेलं.

"अरे, माझा रुमाल!" भाऊजी म्हणाले.

तेवढ्यात ओळीतला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा, भास्कर, वाकून बघायला लागला आणि खदखदून हसला. "हे तं घोडं आहे बे! पोळ्यात घोडं आणलं इनं!"

ओळ फुटली. सगळी पोरं बंडूभोवती गोळा झाली. "घोडं! घोडं! भेंडीचे शिंगं!" मोठी माणसंही हसायला लागली. ढोलवाल्याने ढोल थांबवला. उजू लालबुंद झाली, तिच्या हनुवटीला मी ओळखीची थरथर बघितली. मी पुढे धावणार तोच गिरजाबाईंनी माझं मनगट पकडलं.

"थांबा ना बाई."

"अहो, रडेल ती!"

"थांबा म्हणते ना."

उजूने डावा हात कमरेवर ठेवला. उजवा हात भास्करच्या नाकासमोर नाचवला. आणि तीन महिन्यांत घराबाहेर एक शब्द न बोललेली माझी मुलगी एवढ्या मोठ्याने ओरडली की देवळावरची कबुतरं उडाली.

"काहून हसून राहिला बे? तुह्या बैलाले आवतण देलं होतं का? नाही ना देलं? म्या देलं! त्याचा खांदा मळला, हळद लावली, तूप लावलं, पुरणपोळी देली. मायचा मार खाल्ला! अन् आता त्याले तोरणाखाली नाही उभा करू तं काय चुलीत घालू?"

गिरजाबाई. शब्द, स्वर, कमरेवरचा हात, 'चुलीत घालू' म्हणताना मान उडवणं, सगळं गिरजाबाई. तीन महिने ही मुलगी त्या उंबऱ्यावर बसून शिकत होती आणि मला वाटत होतं, ती मुकी झाली.

मग बळीरामजी, जे कधीच बोलत नसत, ते मागून म्हणाले, "हे तं आमच्या घरचीच हाये." आणि सगळं गाव असं हसलं की पुसू नका. गिरजाबाईंनी पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलत होते.

पोळ्याचे पंच होते गुलाबरावजी निस्ताने. जुने मास्तर, हातात काठी, डोक्यावर पांढरी टोपी. ते काठी टेकत बंडूपाशी आले, वाकून त्यांनी मान तपासली, हळद बोटाने पुसून हुंगली.

"तूप गायीचं की म्हशीचं वं पोट्टे?"

"मायच्या वाटीतलं."

"हं. खांदमळणी केली, आवतण देलं, जेवू घातलं." ते सरळ झाले. "ऐका रे! ज्याले आवतण देलं तो पोळ्यात येते. शिंगाचं मंग पाहू."

भास्कर म्हणाला, "पण मास्तर, घोडं ते घोडंच!"

"तुह्या बैलाले आवतण देलं होतं का?"

भास्करने आपल्या बैलाकडे पाहिलं.

"मंग तू एक पाऊल मागं उभा राह्य."

या गडबडीत एक बकरी गर्दीत शिरली आणि तिने बंडूचं डावं शिंग खाऊन टाकलं. उजूने वळून पाहिलं. आता मात्र रडेल, असं मला वाटलं. तिने उरलेली भेंडी चाचपली आणि गुलाबरावजींना म्हणाली, "असू द्या. आपल्या आळीतल्या म्हाताऱ्या बैलालेबी एकच शिंग हाये."

बक्षीस बंडूला मिळालं नाही. ते आरशांची झूल घातलेल्या बैलाला गेलं, आणि ते योग्यच होतं. पण तोरण तोडून पोळा संपल्यावर पोरं बोजारा मागायला निघाली तेव्हा भास्कर उजूच्या शेजारून चालला होता आणि बंडूची दोरी दोघांनी मिळून धरली होती.

पहिली माणसं त्यांना आम्हीच भेटलो. उजू अप्पाभाऊजींपुढे उभी राहिली आणि तळहात पसरला.

"बोजारा द्या ना, काका."

भाऊजी डोळे पुसत होते. हसून हसून पाणी आलं होतं, असं ते पुढे नेहमी सांगत. त्यांनी खिशातून श्रीखंडाच्या गोळ्यांचा पुडा काढला आणि सगळाच्या सगळा तिच्या हातावर ठेवला.

"उजू," ते म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर मुंबईला यायचं ना? काकूने पलंग केलाय तुझ्यासाठी."

उजूने विचार केला. खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून.

"उद्या कशी येऊ? उद्या गिरजामायसंगं वावरात जाचं आहे. तण निंदाले." मग काकांचा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं असावं. "काकूले इकडंच आणा ना. पलंग घेऊन."

आणि पुढच्या घराकडे पळाली.

भाऊजी बराच वेळ पाठमोरे उभे होते. ढोल पुन्हा सुरू झाला होता. ठरवायचं त्यांच्याकडे होतं.

"सुमित्रा," ते शेवटी म्हणाले, "पिशवीतले फ्रॉक काढून खुंटीला लाव. चुरगळतील."

"आणि जाऊबाई?"

"तिला मी सांगतो. काय सांगायचं ते गाडीत ठरवेन." मग गिरजाबाईंकडे वळून त्यांनी हात जोडले. "बाई, तुम्ही हिला काय शिकवलंत?"

"म्या कायले शिकवू जी?" गिरजाबाई म्हणाल्या. "म्या तं नवऱ्याले बोलत होती."

त्या दिवाळीच्या सुट्टीत वर्ध्याच्या स्टेशनवर मुंबईहून एक पार्सल आलं. आत कठड्याचा छोटा पलंग, चार तुकड्यांत सुटा केलेला, आणि पार्सलाच्या पाठोपाठच्या गाडीने विमलजाऊबाई. त्या पंधरा दिवसांसाठी आल्या आणि दीड महिना राहिल्या. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी येत. गिरजाबाईंची आणि त्यांची अशी गट्टी जमली की मला दोघींच्या मध्ये जागा उरत नसे. जाऊबाई १९९१ साली गेल्या, अप्पाभाऊजी त्यांच्यानंतर दोन वर्षांनी. रुमाल त्यांनी परत मागितला नाही.

बळीरामजी त्या दिवसानंतर पुन्हा फारसे बोलल्याचं मला आठवत नाही. पाखऱ्या म्हातारा होऊन त्यांच्याच गोठ्यात गेला, विकला नाही. गिरजाबाई ब्याण्णव वर्षं जगल्या. शेवटच्या आजारात वैद्याला, डॉक्टरला, सुनांना, सगळ्यांना त्यांनी फैलावर घेतलं आणि मग झोपेत गेल्या. गुलाबरावजी आणखी अकरा पोळे पंच होते. भास्कर पुढे एसटीत ड्रायव्हर झाला. मी तिथे असेपर्यंत आमच्या दारासमोर तो स्टॉप नसताना गाडी थांबवत असे. बकरीचं काय झालं, ते विचारू नका.

उजू वर्ध्याच्या कोर्टात वकील आहे. आता पासष्ट वर्षांची. समोरच्या वकिलाने अर्ध्यात बोलणं तोडलं की तिचा डावा हात अजून कमरेवर जातो, असं तिची ज्युनियर मला सांगते.

मी एका वर्षासाठी गेले होते. एकतीस वर्षं राहिले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. तिथल्या दोन पिढ्यांच्या मुलींना मी शुद्धलेखन शिकवलं, आणि त्यांनी मला त्यांची बोली शिकवायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. मी 'काहून' म्हणायला गेले की आजही उजू दोन्ही कानांवर हात ठेवते आणि म्हणते, "आई, तू राहू दे."